दादांच्या जीपचा आवाज

दौलताबादहून खुलताबादकडं जाणारा रस्ता जिथं घाट चढायला लागतो, त्या वळणाच्या अलीकडं अभयचं घर आहे. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि पडवीसमोर एक जीप उभी राहील एवढं अंगण. घाट उतरणाऱ्या गाड्यांचा आवाज दिवसभर त्या पडवीत येतो. वेरूळ बघून परतणाऱ्या बस, उसाचे ट्रॅक्टर, खुलताबादच्या काळी-पिवळी टॅक्सी. या सगळ्यांतून अभयची आई मुक्ताबाई एकच गाडी वेगळी ओळखायची, ती म्हणजे नवऱ्याची जीप.

ती जीप अभयपेक्षा वयानं मोठी होती. फोर-व्हील, मागं लोखंडी हौदा, पुढचं नाक चपटं. अभयचे वडील बद्रीनाथ, अभय त्यांना दादा म्हणायचा, यांनी ती कालव्याचं काम संपवून निघालेल्या एका ठेकेदाराकडून घेतली होती. वर माळावर, कागजीपुऱ्याच्या मागं त्यांची सीताफळांची आणि थोड्या अंजिरांची बाग होती. बागेला रस्ता असा नव्हताच. ओढ्याच्या पात्रातून, दगडगोट्यांवरून चढत जायचं. ट्रॅक्टरसुद्धा तिथं मागं घसरायचा. बद्रीनाथ मात्र गेअरशेजारचा छोटा दांडा ओढून चारी चाकांना जोर लावायचे आणि फळांची कॅरेटं भरून आरामात खाली यायचे.

घाट उतरताना ते गाडी दुसऱ्या गेअरात सोडायचे, ब्रेकला उगाच पाय लावायचे नाहीत. मग ते जुनं डिझेल इंजिन खर्जात घुमायचं, गेअर बारीक सुरात कण्हायचे आणि मागच्या चाकांमधून एक लांबलचक हुंकार यायचा. वरच्या वळणावर हा आवाज सुरू झाला की मुक्ताबाई हातातलं काम टाकून उठायच्या. तोंडावर पाणी मारायचं, आरशापुढं उभं राहून कुंकू नीट करायचं, चहा टाकायचा. चहाला उकळी आणि जीप अंगणात, हे एकाच वेळी व्हायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघांनी एकमेकांना याबद्दल कधी काही म्हटलेलं नव्हतं. कप तयार असायचा, बद्रीनाथ तो घ्यायचे.

मुक्ताबाईंना विसर पडायला लागला तो बद्रीनाथ असतानाच. आधी नावं गेली, मग वार. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार मागं फिरणारा नाही, सांभाळून घ्यायचं. बद्रीनाथ सांभाळून घेत होते. मग गणपतीच्या दिवसांत एका सकाळी बागेत झाडाला पाणी सोडता सोडता तेच खाली बसले आणि उठले नाहीत. छातीत कळ आली होती. शेजारच्या बागेतल्या गोकुळनं त्यांना त्यांच्याच जीपमध्ये घालून खाली आणलं. जीव वाटेतच गेला होता.

अंत्यविधीला मुक्ताबाई रडल्या, बायकांनी त्यांचं कुंकू पुसलं, सगळं रीतीप्रमाणं झालं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मनातून ते सगळं पुसलं गेलं.

अभय चितेगावच्या एका कंपनीत फिटर होता. सीताफळाचा हंगाम तोंडावर आला होता म्हणून त्यानं रजा काढली आणि दुखवट्याचे दिवस संपताच जीप घेऊन बागेत गेला. दुपारी कॅरेटं भरून खाली उतरला. वडिलांनी शिकवलं तसंच, दुसऱ्या गेअरात.

अंगणात आई उभी होती. धुतलेलं लुगडं नेसलेली, केस विंचरलेले, कपाळावर ठळक कुंकू. हातात बशी झाकलेला चहाचा कप. तिनं आधी ड्रायव्हरच्या जागेकडं बघितलं, मग वाकून पलीकडच्या सीटकडं, मग मागं हौद्याकडं.

"हे कुठं उतरले?"

अभय जीपमधून खाली उतरला.

"वेशीत उतरले आसतील," मुक्ताबाई स्वतःशीच म्हणाल्या. "पान खायला. चा निवंल की रं तवर."

"आई, दादा गेले ना."

"कुठं गेले?"

"वारले, आई. गणपतीत. तू होतीस की तिथं."

मुक्ताबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की जणू त्यानं त्यांच्या तोंडात मारली होती. कप हातातून सुटला. त्या जीपच्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. आठवण येऊन रडतात तसं ते नव्हतं. ही बातमी त्यांना आत्ता कळली होती. अभयची बायको तनुजा घरातून धावत आली. तिनं बघितलं, सासू रडता रडता पदराच्या टोकानं स्वतःच्या कपाळावरचं कुंकू पुसत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना काहीच आठवत नव्हतं. दुपारी घाटात जीप वाजली आणि त्या पुन्हा आरशापुढं उभ्या राहिल्या.

हंगामात फळ झाडावर थांबत नाही. जीप रोज खाली आणावीच लागायची. एकदा अभयनं घाटाच्या माथ्यावर इंजिन बंद करून गाडी नुसती उतारावर सोडून बघितली. भरल्या गाडीला वळणावर ब्रेक हवा तसा लागेना, तेव्हा त्यानं तो नाद सोडला. मग रोज तेच. आवाज, कुंकू, चहा, "हे कुठं उतरले?" आणि मग रडणं.

"रोज रोज कशाला सांगायचं त्यांना?" तनुजा एकदा म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डोळे सुजलेले. "आपण म्हणू, कन्नडला गेलेत. पाहुण्यांकडं."

तसं सांगून बघितलं. मुक्ताबाईंनी ऐकलं, मान हलवली आणि पडवीत जाऊन बसल्या. जेवायला बोलावलं तर उठल्या नाहीत.

"ते आल्याबिगर मी कशी जेवू?"

"उशीर होईल त्यांना, आई. तुम्ही दोन घास खाऊन घ्या."

"गाडी आली नं बाई. म्या ऐकली. गाडी आली आन् ते नाय आले, आसं कधी व्हतं का?"

तनुजानं ताट झाकून ठेवलं.

दिवाळीच्या सुमारास हंगाम संपत आला. शेवटचा माल घेऊन अभय घाट उतरत होता. घराच्या अलीकडचं वळण घेतलं आणि समोर रस्त्याच्या मधोमध आई. अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला, एक हात वर करून गाडी थांबवत असलेली. खालून एक बस चढत होती. बसच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, बस तिरकी होऊन मुक्ताबाईंच्या पाठीशी येऊन थांबली. आतली माणसं ओरडली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून शिव्या घातल्या. मुक्ताबाईंना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. त्या जीपजवळ आल्या, अभयचं मनगट धरलं आणि लाडानं रागावल्यासारखं म्हणाल्या,

"ह्यास्नी मागं हौद्यात काहून बसिवलं? ऊन लागतंय की."

अभयनं त्यांना उचलून गाडीत बसवलं.

"जीप विकून टाका," तनुजा म्हणाली.

"मग बागेत काय घेऊन जाऊ? दुसरी कुठली गाडी चढते तिथं?"

"तर बाग कुणाला बटईनं कसायला द्या."

"दादांनी एकेक झाड लावलंय तिथलं. आणि ही गाडी..."

गाडीचा आवाजच बदलावा म्हणून आधी त्यानं सायलेन्सर बदलून घेतला. काही उपयोग झाला नाही. मुक्ताबाईंनी वरच्या वळणावरच गाडी ओळखली.

चितेगावला, अभयच्या कंपनीपासून जवळच, मुश्ताकभाईचं गॅरेज होतं. मुश्ताकभाई बद्रीनाथांच्या वयाचा. जीपचं सगळं काम वर्षानुवर्षं त्याच्याचकडं व्हायचं. अभयनं त्याला सगळी हकीकत सांगितली. मुश्ताकभाईनं जीपच्या बॉनेटवर हात ठेवला.

"सायलेन्सर से क्या होता मियां," तो म्हणाला. "इंजिन का आवाज अलग, गेअर का अलग, पीछे चक्के की हौजिंग का अलग. तुम्हारी अम्मी के कान में पूरी गाडी बैठी है."

"मग पूरीच बदला, भाई."

"पूरी?"

"इंजिन, गेअरबॉक्स, मागचं-पुढचं हौजिंग. सगळं. वरचा सांगाडा तेवढा राहू द्या."

मुश्ताकभाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. "बद्रीभाऊ ने किसी को स्टेअरिंग भी नै बदलने दी कभी."

"दादा असते तर ही वेळच आली नसती."

मुश्ताकभाईनं मग वाद घातला नाही. वाळूजच्या एका गाड्या मोडणाऱ्याकडं अलीकडच्या मॉडेलची एक फोर-व्हील गाडी पडली होती. उलटून छप्पर चेपलेलं, पण खालचं सगळं शाबूत. नवं डिझेल इंजिन, पाच गेअरचा बॉक्स, चारी चाकांना जोर वाटून देणारी ट्रान्सफर केस, दोन्ही ॲक्सल. मुश्ताकभाईनं ते सगळं उतरवून आणलं. आरटीओच्या परवानगीचं काम अभयनं केलं.

सीताफळ संपल्यावर जीप गॅरेजला लागली. अभय पाळी संपली की तिथं जायचा, सुट्टीचा दिवसही तिथंच काढायचा. घरी पोचेपर्यंत आई झोपलेली असायची. चेनकुप्पी लावून जुनं इंजिन वर उचललं तेव्हा तो जवळच उभा होता. इंजिन हवेत संथपणे फिरलं आणि त्याच्या पोटातून काळं तेल खाली ठिबकलं. एका पाइपला वडिलांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तार आवळलेली होती. ती त्यानं पक्कड घेऊन स्वतः सोडवली. गेअरच्या दांड्याची मूठ वडिलांच्या तळव्यानं एका बाजूला झिजली होती. तीही काढावी लागली, नव्या दांड्याला ती बसत नव्हती.

"इसका क्या करना?" मुश्ताकभाईनं जुन्या इंजिनाकडं बोट दाखवलं. "कोने में रख दूं? रहने दो, पडा रहेगा."

"नको. भंगारात द्या."

"सोच लो."

"नजरेसमोर नको भाई. उद्या परत बसवावं वाटेल."

दोन दिवसांत भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि इंजिन, गेअरबॉक्स, दोन्ही जुनी हौजिंगं घेऊन गेला.

नवं इंजिन बसवणं सोपं नव्हतं. ते लांबीला जास्त होतं, म्हणून रेडिएटर पुढं सरकवावा लागला. चेसिसवरची इंजिन बसवायची जुनी फाउंडेशनं कापून नवी वेल्ड केली. नव्या गेअरबॉक्ससाठी पायाखालचा पत्रा कापून उंच केला. ॲक्सल रुंद होते, स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका नव्यानं कराव्या लागल्या. प्रोपेलर शाफ्ट लेथवर कापून जोडले, पुन्हा तोलून घेतले. सगळ्यांत जास्त दिवस वायरिंगनं खाल्ले, कारण नव्या इंजिनाला संगणकाचा डबा होता आणि जुन्या जीपमध्ये दिव्यांच्या वायरी सोडल्या तर फारसं काही नव्हतं. अभयचे हात कामात असायचे आणि डोकं शांत असायचं. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला वाटत होतं की आपण आईसाठी काहीतरी करतोय.

घरून तनुजाचा फोन यायचा. "आज नीट जेवल्या. कुणाची चौकशी नाही, रडणं नाही. पडवीत बसून शेंगा सोलल्या." अभय हे मुश्ताकभाईला सांगायचा. मुश्ताकभाई "शुक्र है" म्हणून पुन्हा गाडीखाली शिरायचा.

अंजीर पिकायला लागले तेव्हा जीप तयार झाली. अभय ती घेऊन आधी थेट बागेत गेला. ओढ्याच्या पात्रात गाडीनं जराही धाप टाकली नाही. ज्या चढावर बद्रीनाथ दोनदा मागं येऊन मग जोर लावायचे, तो ती एका दमात चढली. येताना घाटात इंजिनाचा नुसता एक मऊ गुणगुणाट होता, शेजारून गेलेल्या मोटारसायकलनंही तो बुडवला. त्याला बरं वाटलं. आज आई उठणार नाही, आज तिला कुणी गेल्याचं सांगावं लागणार नाही.

मुक्ताबाई पडवीत सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. जीप अंगणात येऊन थांबली, इंजिन बंद झालं, दार वाजलं, तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. अभय पायऱ्या चढून वर आला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

"कोन पाहिजे तुमाला?"

अभय थांबला. "आई, मी."

"मालक घरी नायत," त्या म्हणाल्या. आवाज गोड होता, परक्या माणसाशी बोलतात तसा. "बागंत गेलेत. बसा. यायलेच आसतील."

तनुजा आतून हे ऐकत होती. ती बाहेर आली. जीपच्या आवाजाबरोबर येणारा जो माणूस असायचा तो मुक्ताबाईंचा लेक होता. या बिनआवाजाच्या गाडीतून उतरलेल्या माणसाला त्या ओळखत नव्हत्या. दोघांना वाटलं, एखाद्या दिवसाची गोष्ट असेल. पण ती ओळख पुन्हा आली नाही. तनुजाला त्या "पोरी" म्हणायच्या, तिच्या हातून जेवायच्या. अभय मात्र पाव्हणाच राहिला.

उन्हाळा गेला. रडणं बंद झालं होतं हे खरं. पण बाकीचंही हळूहळू बंद होत गेलं. त्या आता स्वतःहून उठत नव्हत्या. तोंड धुवायचं तर तनुजानं हात धरून न्यायचं. वेणी घालताना मान पुढं पडायची. आरशापुढं त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. चहा पुढं ठेवला तर थंड होईपर्यंत त्याच्याकडं बघत राहायच्या.

"तुम्हाला एक सांगू का," तनुजा एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली. "आधी दिवसातून एकदा तरी त्या उठायच्या. नवरा येतोय म्हणून नटायच्या. दादा रोज मरायचे, हे खरंय हो. पण रोज यायचे पण."

अभय त्याच दिवशी चितेगावला गेला. मुश्ताकभाईला बरोबर घेऊन पैठण रोडवरच्या भंगारवाल्याकडं पोचला. भंगारवाल्याला आठवत होतं.

"तो माल केव्हाच गेला साहेब. घण घालून फोडला आन् जालन्याला पाठवला. भट्टीत."

"सगळा?"

"लोखंड कोन ठेवतं साहेब?"

मुश्ताकभाई अभयला बाजूला घेऊन म्हणाला, "वैसा इंजिन मिल जाएगा. बहोत पडे हैं." आणि त्यानं खरंच एक शोधून काढलं. त्याच बनावटीचं, तेवढंच जुनं. गॅरेजच्या फरशीवर दोन ओंडक्यांवर ठेवून, डिझेलची बाटली जोडून त्यानं ते चालू केलं. इंजिन धडधडायला लागलं. अभय डोळे मिटून ऐकत राहिला. चांगलं होतं. पण ते दुसऱ्या कुणाच्यातरी दादांचं होतं. त्यानं हात करून ते बंद करायला सांगितलं. मुश्ताकभाईनं बंद केलं, फडक्याला हात पुसत बसला आणि म्हणाला, "मेरेकू उस दिन जबरदस्ती रख लेना था."

"तुम्ही विचारलं होतं भाई."

तनुजाच्या मोबाइलमध्ये एक जुना व्हिडिओ सापडला. बद्रीनाथ बागेतून गाडी काढतायत, मागं सीताफळांची कॅरेटं, आणि तो आवाज. तिनं मोबाइल सासूच्या कानाजवळ धरला. बारीक, टिनाच्या डब्यातून यावा तसा आवाज आला. मुक्ताबाईंनी मोबाइल हातानं दूर सारला.

"किरकिर कशाची लावली पोरी. बंद कर."

त्यानंतर अभयनं काही करून बघायचं सोडून दिलं. कामावरून आला की हातपाय धुवून तो पडवीत आईसमोर पाव्हण्यासारखा बसायचा. सुरुवातीला ते त्याला जड गेलं, मग सवय झाली. मुक्ताबाईंना ते बरं वाटायचं. पाव्हणा आला की त्या थोड्या सावरून बसायच्या, कधी कधी बोलायच्या. दिवसभरात त्या बोलायच्या ते तेवढंच.

"तुमचं काय काम हाये त्यांच्याकडं?"

"असंच. भेटायला आलो."

"भेटा, भेटा. माणूस लई चांगला." मग त्या पुढं झुकून हळू आवाजात म्हणाल्या, "तुमाला सांगते, कुनाला बोलू नका बरं. ह्यांनी मला गाडी शिकिवली व्हती."

"गाडी?"

"जीप. नवी नवी आनली तव्हा. वर माळावर कुनी नव्हतं. मला म्हनले, बस. म्या बसले. पार ओढ्यापतुर नेली म्या." त्या हसल्या. अभयनं कितीतरी महिन्यांत त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "मंग बाभळीला धडकिवली. दिवा फुटला. ह्यांनी गावात सांगितलं, बैल आडवा आला म्हनून."

अभयला हे ठाऊक नव्हतं. पुढच्या एका दिव्याची कड दुसऱ्यापेक्षा वेगळी होती हे त्यानं लहानपणापासून बघितलं होतं, पण का ते कधी विचारलं नव्हतं. त्याला वाटलं, आई म्हणून तिनं हे मला कधीच सांगितलं नसतं.

"मुलंबाळं?" त्यानं विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, नसतं विचारलं तर बरं.

"येक लेक हाये. अभय. कंपनीत हाये चितेगावला." त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक आलं आणि लगेच विरलं. "पन तो आता येत नाय. ह्यांच्या गाडीत यायचा. गाडीच येत नाय तर तो तरी कसा यील?"

घाटात एक ट्रक उतरत होता. खाली गावात मंदिराचा भोंगा लागला. मुक्ताबाईंनी अंधारत चाललेल्या अंगणाकडं बघितलं आणि पाव्हण्याला आपल्यामुळं खोळंबा होतोय असं त्यांना वाटलं असावं.

"तुमी रोज यिऊन बसता, ते काय आज भेटायचे नायत," त्या म्हणाल्या. "जा आता घरी. दिवेलागण झाली. तुमची आई वाट बघत आसंल."

अभय उठला. "येतो," म्हणाला. पायऱ्या उतरून घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेला. तनुजानं ताट वाढून ठेवलं होतं. तो पाटावर बसला, भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात धरून तसाच बसून राहिला. तनुजानं चूल सारखी केली, त्याच्याकडं पाठ करून. तिला त्याचं रडणं ऐकू येत होतं आणि आपण ऐकतोय हे त्याला कळू द्यायचं नव्हतं.

पौषाच्या थंडीत मुक्ताबाईंना ताप भरला. अन्न तर त्यांनी आधीच सोडलं होतं. दवाखान्यात न्यायला दुसरी गाडी मिळेना म्हणून अभयनं जीपच काढली. हौद्यात गादी टाकली, तनुजा सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शहरात छावणीतल्या दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर नेहमीचे खड्डे होते, तरी गाडीनं फारसे हिसके दिले नाहीत. तनुजानं मागून सांगितलं, "झोपल्यात. सावकाश चालू द्या." त्या झोपेतून जाग्या झाल्या त्या दवाखान्याच्या कॉटवर, थोड्या वेळापुरत्या. अभयनं त्यांचा हात धरला होता. त्यांनी तो काढून घेतला नाही. त्याच्याकडं बघितलं, ओळखीचं काही नव्हतं, पण भीतीही नव्हती. "आलाच का आजपन?" एवढंच म्हणाल्या. पहाटे त्या गेल्या.

अंत्यविधीला मुश्ताकभाई आला होता. तो अभयच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तेराव्याला नातेवाईक म्हणाले, सुटल्या बिचाऱ्या. अभयनं सगळ्यांना हो म्हटलं.

अंजिरांचा हंगाम आला तसा तो पुन्हा बागेत जायला लागला. गाडी ओढ्यातून सहज चढते, भरल्या मालाची तिला जाणीवही होत नाही. गोकुळ एकदा चक्कर मारून आला आणि म्हणाला, अशी गाडी पंचक्रोशीत नाही. घाट उतरताना अभय अजून दुसऱ्या गेअरात उतरतो. तशी आता गरज नाही, ब्रेक उत्तम आहेत.

काल दुपारी तो अंगणात गाडी लावून कॅरेटं उतरवायला लागला तेव्हा तनुजा मागच्या अंगणात भांडी घासत होती. बऱ्याच वेळानं ती पुढं आली आणि दचकली.

"कधी आलात? कळलंच नाही मला."

"आत्ताच," अभय म्हणाला आणि पुढचं कॅरेट उचलायला वळला. तिनं ओले हात पदराला पुसले आणि दुसरी बाजू धरली.